चिकट झाली म्हणजे घाण झाली? नाही हो!
टीपीईच्या सेक्स डॉलची स्किन चिकट लागायला लागली की ती घाण झाली, मग स्पिरिटने नाहीतर सॅनिटायझरने खसाखसा पुसा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यानेच चांगल्या डॉल्सची वाट लागते. टीपीई म्हणजे मऊ रबरासारखं प्लास्टिक, त्यात मऊपणासाठी भरपूर मिनरल ऑइल मिसळलेलं असतं आणि तेच हळूहळू वर झिरपतं. पांढरा टिश्यू दाबून बघा, वडापावच्या कागदावर पडतो तसा तेलकट डाग दिसेल. ती घाण नाही, मटेरियलचा स्वभावच आहे तो. स्पिरिटने स्किन कोरडी पडते, मग बगल, जांघ, मान जिथे ताण येतो तिथे बारीक चिरा.

करायचं काय तर कोमट पाणी (उकळतं अजिबात नको, टीपीई उष्णतेने वितळतं), सौम्य साबण, मऊ स्पंज, नंतर टॉवेलने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. आतला भाग तर पूर्ण सुकवाच, ओल राहिली की बुरशी धरते. मग मक्याच्या स्टार्चची पावडर मऊ ब्रशने लावा, मंच्युरियनला वापरतो तेच कॉर्नफ्लॉवर. स्किन कोरडी वाटली तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन पातळ चोळून रात्रभर मुरू द्या, खोबरेल नको, ते खवट होतं.

आणि काळे, गडद कपडे घालून ठेवू नका प्लीज, रंग आत मुरतो, मग साबणाने काही निघत नाही.