डायनॅमिक राउटिंग गर्दी बघून रस्ता बदलत नाही

पणजी-मडगावची ऑफिसं जोडताना हा समज हमखास ऐकू येतो: डायनॅमिक राउटिंग (राउटरांनी एकमेकांशी माहिती देवघेव करून रस्ता ठरवणं) लावलं की राउटर मोकळी लाइन आपोआप शोधतो. रस्ता ठरवायचे नेहमीचे प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच, तसं करत नाहीत. त्यांतला रिप (RIP) फक्त टप्पे, म्हणजे वाटेतले राउटर, मोजतो, तेही 15 पर्यंतच. दुसरा, ओएसपीएफ (OSPF), लिंकची कॉस्ट (तिला दिलेला आकडा; बेरीज कमी तो रस्ता पसंत) बघतो, तिच्यावरची गर्दी नाही. थेट लाइन तुंबली तरी ती चालू असेतोवर फोंड्यावरून जाणारी जास्त कॉस्टची लाइन रिकामीच राहते.

त्यात ओएसपीएफची कॉस्ट संदर्भ-वेगाला लिंकच्या वेगाने भागून निघते, 1 च्या खाली जात नाही; आणि सिस्को राउटरवर संदर्भ-वेग मुळात 100 एमबीपीएस असतो. म्हणून 100 एमबीपीएस आणि 1 जीबीपीएस, दोन्हींची कॉस्ट 1! ही सेटिंग सगळ्या राउटरांवर सारखीच वाढवा, कृपा करून. बीजीपीत (BGP, इंटरनेटवरची वेगवेगळी नेटवर्कं जोडणारा प्रोटोकॉल) तर वेगाआधी नेटवर्क चालवणाऱ्याचं धोरण येतं.