माशांआधी स्पंजाला विरजण लावा

दोन फुटी काचेचा टँक घरी येतो, खडी धुऊन पसरली जाते, दिवा लागतो आणि त्याच संध्याकाळी पिशवीत बांधून आणलेले चार गोल्डफिश आत सोडले जातात. पाणी आरशासारखं. आठ-दहा दिवसांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, पंख मिटून कोपऱ्यात बसतात आणि मग एकेक करून उलटे होतात. अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘घरावरचं काहीतरी त्यांनी स्वतःवर घेतलं.’ आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवला की वास्तुदोष जातो, असं सांगून मासे विकलेही जातात. त्या माशांनी कुणाचंही संकट घेतलेलं नसतं. ते बहुतेक वेळा अमोनियाने मेलेले असतात, आणि तो अमोनिया मोजता येतो, टाळता येतो. मुका जीव आपल्या घाईने मरतो आणि आपण त्याला शकुन म्हणतो, हे थांबायला हवं.

मासा खाल्लेल्या प्रथिनांतलं जादा नत्र अमोनियाच्या रूपात, मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, पन्नास लिटरच्या पेटीत साठतो. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजावर आणि खडीवर चिकटून राहणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. ते रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, कल्ले तपकिरी पडतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य. आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जवळजवळ नसतातच. मासे न सोडता, बाहेरून अमोनिया देऊन ते वाढवायचे, याला टँक सायकल करणं म्हणतात.

नाशिकजवळच्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला यात नवं काही नाही. अमोनियम सल्फेट टाकलं की जमिनीत त्याचं नायट्रेट होतं, ते याच जिवाणूंच्या कुळाचं काम. हे काम सजीव करतात, हे 1877मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं. वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून त्यांनी सांडपाणी हळूहळू झिरपू दिलं. वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम बंद पडलं. ताज्या मातीचं पाणी ओतलं, पुन्हा सुरू झालं. टँक सायकल करण्याची सगळी गोष्ट या नळीत आहे: वीस दिवसांची वाट, चुनखडी आणि मातीच्या पाण्याचं विरजण.

पण वीस दिवस का? दुधाला विरजण लावलं तर रात्रीतून दही होतं. दह्याचे जिवाणू तयार साखरेवर जगतात. अमोनिया खाणाऱ्यांना तसं ताट वाढलेलं मिळत नाही. अमोनिया हे त्यांचं सरपण आहे, अन्न नव्हे. शरीर बांधायचा कार्बन त्यांना पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून स्वतः मिळवावा लागतो, तोही उजेडाशिवाय.

आणि सरपण तरी किती निकृष्ट! पहिल्या पायरीत जिवाणू अमोनियाला ऑक्सिजनचा एक अणू जोडून हायड्रॉक्सिलअमाइन बनवतो. यातून मिळत काही नाही, उलट दोन इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. पुढे त्याचं नायट्राइट होईपर्यंत चार इलेक्ट्रॉन सुटतात, त्यातले दोन पहिल्या पायरीची उधारी फेडण्यात जातात. हाती उरतात दोन. या सगळ्या कामात दर मोल अमोनियामागे सुमारे 275 किलोज्यूल ऊर्जा सुटते. नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्यांना तर जेमतेम 74. एक मोल ग्लुकोज पूर्ण जाळलं तर सुमारे 2,870 मिळते. त्यात कार्बन बांधायला एनएडीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू, लागतो. नायट्राइटचा इलेक्ट्रॉन असतो अधिक 420 मिलिव्होल्टच्या पातळीला आणि एनएडीएचची पातळी उणे 320. म्हणजे इलेक्ट्रॉन उताराने येत नाही, विहिरीतून मोटेने पाणी ओढावं तसा वर ओढावा लागतो आणि मिळकतीचा मोठा हिस्सा त्या ओढण्यातच संपतो. म्हणून इतर जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात तिथे यांना अर्धा दिवस, कधी दीड-दोन दिवसही लागतात.

पाठ्यपुस्तकात नायट्राइट खाणाऱ्याचं नाव नायट्रोबॅक्टर असतं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये मात्र हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, हे 1998मध्ये दिसलं. आणि 2015मध्ये कळलं की नायट्रोस्पायराच्या काही जाती अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं काम एकट्यानेच करतात.

आता हिशेब. दोन फूट बाय एक बाय एकच्या टँकमध्ये खडी टाकून साधारण 50 लिटर पाणी मावतं. लक्ष्य 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) अमोनिया, म्हणजे एकूण 100 मिलिग्रॅम. सर्वांत सोपा स्रोत अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर. नाशिकच्या भांडी बाजाराच्या परिसरात कल्हईसाठी वापरतात तोच पदार्थ, पण कल्हईचा माल शुद्ध असेलच असं नाही. टँकसाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. 10 ग्रॅम नवसागर पाण्यात विरघळवून एकूण अर्धा लिटर करा. याचे 16 मिलिलिटर टाकले की 50 लिटरला 2 पीपीएम होतात. माशांचं खाणं कुजवूनही अमोनिया मिळतो, पण किती मिळाला ते कळत नाही आणि घाण होते. चिमूटभर खाणं मात्र एकदा टाकावं, जिवाणूंना फॉस्फरस लागतो.

नळाचं पाणी भरलं तर आधी क्लोरीन घालवायला हवं. एअर पंप लावून चोवीस तास ठेवावं किंवा हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे वापरावेत. 1 पीपीएम क्लोरीनला 50 लिटरमागे साधारण 350 मिलिग्रॅम हायपो पुरतं. शुद्ध म्हणून आरओचं पाणी भरणं ही चूक. त्यात कार्बोनेट जवळजवळ नसतं आणि या कामात आम्ल तयार होतं. 2 पीपीएमचा प्रत्येक डोस लिटरमागे सुमारे 12 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी क्षारता खातो. पाच डोसांत 60 गेली की कमी क्षारतेच्या पाण्याचा पीएच साडेसहाच्या खाली कोसळतो, अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम होऊन बसतो आणि जिवाणूचं विकर फक्त अमोनिया उचलतं. अमोनियाच्या टेस्ट किटचा रंग दिवसेंदिवस तोच राहतो, लोक कंटाळून टँक रिकामा करतात. उपाय स्वयंपाकघरात आहे: 50 लिटरला सपाट चमचाभर, 4 ते 5 ग्रॅम, खाण्याचा सोडा. श्लोसिंगच्या नळीतली चुनखडी हेच करत होती.

हवेबद्दल काटकसर नको. 2 पीपीएम अमोनियाचं नायट्रेट व्हायला लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. इथे 28 अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मावतोच सव्वासात मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक डोस टँकमधला सगळा ऑक्सिजन संपवेल इतका. एअर पंप आणि स्पंज फिल्टर रात्रंदिवस चालू हवा. डिसेंबर-जानेवारीत हीटर लावून पाणी 28 अंशांवर ठेवा. नाशिकच्या थंडीत पाणी विशीच्या खाली गेलं तर सहा आठवड्यांचं काम दहा आठवड्यांवर जातं. दिवा बंदच ठेवा, नाहीतर शेवाळ माजेल.

विरजण मिळालं तर उत्तम. ज्या टँकमध्ये बरेच महिने मासा आजारी पडलेला नाही, त्याचा स्पंज आपल्या टँकमध्ये पिळावा. निघणारं तपकिरी, गढूळ पाणी घाण वाटतं, पण त्यातच माल आहे. आणताना त्याच टँकच्या पाण्यात बुडवून आणावा, कोरडा नको. बाटलीतले ‘तयार जिवाणू’ कधी उपयोगी पडतात, कधी नाही. ‘आज ओता, आज मासे सोडा’ या लेबलवर विसंबू नका. ओता आणि टेस्ट किटने मोजा. मिथिलीन ब्लू या माशांच्या औषधाचे निळे थेंब या काळात अजिबात नकोत, ते याच जिवाणूंना मारतात. कडुनिंबाचा पालाही नको. नीमकोटेड युरिया शेतात का देतात ते आठवा: निंबोळीतली द्रव्यं हीच प्रक्रिया मंदावतात.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होईल. ते वेगळे जिवाणू, पाणी बदलू नका. दहाएक दिवसांत अमोनियाच्या नळीचा हिरवा रंग फिका पडून पिवळा होऊ लागतो आणि नायट्राइटची नळी जांभळी होते. इथे बहुतेकजण चुकतात: अमोनिया संपला की रोज पूर्ण डोस ओततात. 1 पीपीएम अमोनियाचं 2.7 पीपीएम नायट्राइट होतं. दोन डोसांत ते 10च्या वर जातं, किटचा रंग 5लाच संपतो आणि ते उतरतंय की चढतंय तेच कळत नाही. नायट्राइट उतरेपर्यंत दोन-तीन दिवसांनी अर्धाच डोस द्या. शंका आली तर टँकच्या एक भाग पाण्यात आरओचं नऊ भाग पाणी मिसळून मोजा आणि दहाने गुणा.

चार ते सहा आठवड्यांनी 2 पीपीएम अमोनिया टाकून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टँक तयार. 80 ते 90 टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेलंच भरा आणि त्याच दिवशी मासे सोडा. लांबणार असेल तर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा डोस चालू ठेवा. 50 लिटरला आठ-दहा गप्पी ठीक, गोल्डफिशला ही जागा कमी.

महिन्याने स्पंज काळपट होईल. तो नळाखाली खळखळून धुतला तर क्लोरीन सहा आठवड्यांची मेहनत मारतं आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. टँकचंच पाणी बादलीत काढा, त्यात स्पंज दोनदा हलकेच पिळा आणि ओला असतानाच जागेवर बसवा.