माउस सेन्सिटिव्हिटी (नेमबाजीचे व्हिडिओ गेम)

माउस पॅडवर किती सरकला की गेममधली नजर किती वळते, याचे प्रमाण म्हणजे माउस सेन्सिटिव्हिटी. खेळणारे नुसते ‘सेन्स’ म्हणतात. ते दोन आकड्यांनी ठरते. डीपीआय, म्हणजे माउस एक इंच सरकला की सेन्सर किती पावले मोजतो. आणि गेममधला सेन्स, ज्यावर एका पावलाला किती वळायचे हे ठरते. दोघांचा गुणाकार ‘ईडीपीआय’. तो एकाच गेमपुरता कामाचा, कारण सेन्स १ असताना एका पावलाला काउंटर-स्ट्राइकमध्ये ०.०२२ अंश वळते, व्हॅलोरंटमध्ये ०.०७. म्हणून काउंटर-स्ट्राइकचा सेन्स ३.१८ ने भागला की व्हॅलोरंटचा मिळतो.

सगळीकडे चालणारे माप सेंटीमीटरचे: ३६० अंशांच्या पूर्ण गिरकीला लागणारे अंतर. डीपीआय, सेन्स आणि वरचा अंश यांच्या गुणाकाराने ९१४.४ ला भागायचे. काउंटर-स्ट्राइकमध्ये ८०० डीपीआय आणि सेन्स १ असेल तर उत्तर सुमारे ५२ सेंमी. मागे वळायला २६ सेंमी लागले, म्हणजे २५ सेंमी रुंद पॅडवर माउस उचलावाच लागणार. नावाजलेल्या खेळाडूचा सेन्स जसाच्या तसा उचलणारे इथेच फसतात; त्याचे टेबल ते मोजत नाहीत.

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्याच्या टेबलावर पुस्तके, डबा आणि कीबोर्ड मांडल्यावर उरलेली जागा आधी पट्टीने मोजावी. नमपॅड (उजवीकडची आकड्यांची बटणे) नसलेला कीबोर्ड सात-आठ सेंमी मोकळे करतो, तिरका ठेवला तर आणखी थोडे. तरीही हात भिंतीला लागत असेल, तर ३० ते ३५ सेंमीची गिरकी धरावी. त्यात लाज कसली!

गेमिंग कॅफेत आधीच्या गिऱ्हाइकाने चाकामागचे डीपीआयचे बटण दाबून ठेवलेले असते. सरावाच्या मैदानात भिंतीवरच्या एका खुणेवर नेम धरून पूर्ण गिरकी घ्यावी आणि पट्टी लावावी. ५२ ऐवजी २६ सेंमी आले, तर डीपीआय १६०० आहे. सेन्स निम्मा करावा. मग माउस झर्रकन उजवीकडे नेऊन हळू मूळ जागी आणावा. नेम खुणेवर परतला नाही, तर अॅक्सेलरेशन (माउस वेगाने सरकवला की नजर जास्त वळणे) चालू आहे: विंडोजमधला ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करावा, माउसचे सॉफ्टवेअरही तपासावे. दोन्ही बंद असूनही फरक राहिला, तर सेन्सरच्या भोकात धूळ किंवा केस शोधावा.

नेम सतत लक्ष्याच्या पुढे जात असेल तर सेन्स ५ ते १० टक्के उतरवावा, अलीकडे थांबत असेल तर तेवढाच चढवावा आणि निदान आठवडाभर हात लावू नये. एका वाईट मॅचनंतर आकडा बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही. फार कमी डीपीआयवर सेन्स चढवला की नजर टप्प्याटप्प्याने उडते: ४०० डीपीआय आणि सेन्स ८ ला एक पाऊल ०.१७६ अंशांचे होते, त्यामुळे लांबच्या शत्रूचे डोके नेमात बसत नाही. ८०० किंवा १६०० डीपीआय ठेवून सेन्स कमी करावा.

पावसाळ्यात कापडी पॅड दमट होऊन माउस अडखळतो, आणि तो दोष सेन्सवर ढकलला जातो. जुलैत चढवलेला सेन्स ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत लक्ष्याच्या पुढे पळतो. आकडा तसाच ठेवून पॅड साबणाच्या पाण्याने धुवावा आणि पंख्याखाली पूर्ण वाळवावा.