फुलपाखरे व पतंग यांचे स्वसंरक्षण

फुलपाखरू काय किंवा पतंग काय, मोठा झाल्यावर त्याला ना चावता येते, ना डंख मारता येतो. तोंडाच्या जागी एक गुंडाळलेली सोंड, अंगावर बोट लावताच निघणारे खवले आणि पापुद्र्यासारखे पंख, एवढाच ऐवज. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ या चारही अवस्थांत त्याला खाणारे टपलेले असतात. दिवसा पक्षी व सरडे, रात्री वटवाघळे, आणि मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या तर सदाचेच. तरीही हा गण तगून आहे तो शत्रूच्या इंद्रियांना फसवून किंवा त्याच्या जिभेला धडा शिकवून. माणूस डोळ्यांवर जगणारा प्राणी असल्यामुळे डोळ्यांसाठी रचलेले बचाव आपल्याला आधी दिसले. कानांसाठी रचलेले कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

कढीपत्त्याच्या कुंडीत. पुस्तकाआधी घरचा कढीपत्ता पाहावा. पावसाळ्यात त्यावर कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या अळ्या हमखास सापडतात. लहान अळी काळपट तपकिरी, मधे पांढरा पट्टा आणि वर ओलसर चकाकी असलेली, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी. अळी वाढली की हे सोंग निरुपयोगी ठरते, कारण चार सेंटिमीटरची विष्ठा कोणाला पटणार? मग शेवटची कात टाकताना ती हिरवी होते आणि फुगीर छातीवर डोळ्यांसारखे ठिपके येतात. काडीने डिवचले तर डोक्यामागून दोन टोकांचे लाल शिंग सर्रकन बाहेर येते आणि उग्र, आंबूस वास सुटतो. हे अस्त्र मुंग्यांसारख्या छोट्या शत्रूंवर चालते. पक्षी त्याला कितपत भीक घालतात याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. कोषही हिरवा किंवा तपकिरी, जागा पाहून.

विष आणि त्याची जाहिरात. रुईच्या पानांवर वाढणारे प्लेन टायगर फुलपाखरू लपण्याच्या भानगडीत पडत नाही. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. अळी ती पचवून अंगात साठवते आणि ती प्रौढातही उतरतात. अळीवरचे काळे-पिवळे-पांढरे पट्टे, फुलपाखराचा नारिंगी रंग व संथ उड्डाण ही सगळी पाटीच असते, ‘खाऊन तर पाहा’ असे बजावणारी. याच कुळातल्या अमेरिकेतील मोनार्कवर कीटकशास्त्रज्ञ लिंकन ब्राउअर यांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पिंजऱ्यातल्या ब्लू जे पक्ष्याने मोनार्क खाल्ले, थोड्याच वेळात ते ओकून टाकले आणि पुढे त्याच्या वाटेला गेला नाही. म्हणजे पक्ष्याला शहाणे करण्यासाठी एखाद्या फुलपाखराचा बळी जातो. तोही दरवेळी जात नाही, कारण या कुळातली फुलपाखरे चिवट असतात. चोचीत दाबून सोडून दिली तरी पंख झटकून उडून जातात. विषाचा साठा मात्र प्रत्येकात सारखा नसतो. अळीने कोणते झाड खाल्ले त्यावर तो ठरतो. नर तर मोठे झाल्यावरही रसायने गोळा करत हिंडतात. खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगांवर किंवा भुरुंडीवर टायगर आणि क्रो फुलपाखरांची झुंबड उडते ती मधासाठी नव्हे, अल्कलॉइडांसाठी.

सोंगे. विषाची पाटी एकदा पक्ष्यांच्या लक्षात राहिली की तिची नक्कल करणारे येणारच. इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या जंगलातील निरीक्षणांवरून 1862 मध्ये हे मांडले: चवदार जात कडू जातीचे रूप घेते आणि फुकटात वाचते. फ्रिट्झ म्युलर यांनी 1878 मध्ये दुसरी बाजू दाखवली. दोन कडू जाती एकसारख्या दिसल्या, तर पक्ष्यांना शिकवण्याचा खर्च दोघींत वाटला जातो.

आपल्याकडचे सर्वांत रंगतदार उदाहरण पुन्हा त्याच कढीपत्त्यावरचे. कॉमन मॉर्मनची मादी तीन रूपांत आढळते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. हे दोन्ही रोझ सापसंदाच्या वेलीवर वाढतात आणि तिथले विष अंगात बाळगतात. ही वेगवेगळी दिसणारी फुलपाखरे एकाच जातीच्या माद्या आहेत आणि त्यांतल्या काही नकला आहेत, हे आल्फ्रेड वॉलेस यांनी 1865 मध्ये उलगडले. एका मादीच्या अंड्यांतून वेगवेगळी रूपे बाहेर पडतात, पण अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे असे कडबोळे होत नाही. ते का, याचे उत्तर 2014 मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दिले: हा सारा कारभार ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाकडे आहे, जे एरवी नर-मादीतला फरक ठरवते. मग सगळ्याच माद्या सोंग का घेत नाहीत? सोंगाड्यांची संख्या वाढली तर पक्ष्यांना कडूपेक्षा गोड घासच जास्त वेळा मिळतील आणि पाटीचा धाक संपेल, हे त्याचे एक कारण.

लपणे. सह्याद्रीतले ब्लू ओकलीफ पंख मिटून बसले की मधल्या शिरेसकट वाळके पान होते. कॉमन इव्हनिंग ब्राउन तर ऋतूप्रमाणे कपडे बदलते. पावसाळी पिढीच्या पंखांखाली ठळक डोळे असतात, त्यामुळे चोच डोक्याऐवजी पंखाच्या कडेवर पडते. कोरड्या ऋतूतल्या पिढीत हे डोळे जवळजवळ पुसले जातात आणि पाचोळ्याचा रंग चढतो. त्यातही एकासारखे दुसरे सापडणे कठीण. छोटी निळी फुलपाखरे मागच्या पंखांवरची बारीक शेपटे हलवत बसतात, ती मिशांसारखी भासतात. मागच्या बाजूचा लचका तुटलेली अशी फुलपाखरे बागेत नेहमी दिसतात, म्हणजे युक्ती लागू पडली होती.

रात्रीची लढाई. अंधारात रंगाला किंमत नाही. वटवाघूळ माणसाला ऐकू न येणारा आवाज फेकते आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरते. त्यावर अनेक पतंगांनी कान कमावले आहेत. नॉक्टुइड पतंगांच्या छातीवर दोन्ही बाजूंना एकेक कान असतो आणि ऐकण्याचे काम अवघ्या दोन चेतापेशी करतात. आवाज दूरचा असेल तर पतंग दिशा बदलतो. जवळचा असेल तर गिरक्या घेत नाहीतर पंख मिटून दगडासारखा खाली पडतो. मधमाशीपालकांचा वैरी असलेला मोठा मेणपतंग 300 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, असे 2013 मध्ये दिसून आले. एवढ्या वरच्या पट्टीत कोणतेही ज्ञात वटवाघूळ ओरडत नाही.

टायगर मॉथ नावाचे काही पतंग वटवाघळाला उलट उत्तर देतात. त्यांच्या ‘टिक-टिक’ आवाजाचा अर्थ बहुधा ‘मी कडू आहे’ असा असतो. बर्थोल्डिया ट्रायगोना हा पतंग मात्र वटवाघळाच्या प्रतिध्वनीतच गोंधळ माजवतो, हे 2009 मध्ये सिद्ध झाले. मून मॉथ या पतंगांच्या गटाला कानच नाहीत. त्याची भिस्त पिळदार शेपटांवर. अमेरिकेतल्या ल्यूना मॉथवर 2015 मध्ये झालेल्या प्रयोगात, उडताना भिरभिरणाऱ्या या शेपटांकडे वटवाघळांचे हल्ले वळतात असे आढळले. शेपूट गेले तरी पतंग उडतो. आपल्याकडच्या मून मॉथलाही तशीच लांब शेपटे असतात.

काटे. 2022 च्या पावसाळ्यात महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात ‘घोणस अळी’ने खळबळ उडवली. ही स्लग गटातल्या पतंगाची अळी. तिचे काटे पोकळ असून त्यांत विष असते. टोचले की विंचू चावल्यासारखी आग होते. चिकटपट्टी लावून काटे उपटणे आणि बर्फ फिरवणे हा तातडीचा उपाय. ॲलर्जी असलेल्याने डॉक्टर गाठावा. तेव्हा पसरलेल्या अफवांइतकी ती घातक नसते. शिवाय तिचे शस्त्र अळीपुरतेच असते, पतंग झाल्यावर ती निरुपद्रवी होते.

उणी बाजू. रंग, वास आणि विष बहुतेक पक्ष्यांना किंवा मुंग्यांना उद्देशून असतात. अळीच्या किंवा कोषाच्या अंगात अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांपुढे त्यांचे फारसे चालत नाही. काही जातींच्या माश्या तर यजमान अळीचा वास काढतच येतात. कढीपत्त्याच्या काडीला टांगलेला कोष कधी कधी दिवस उलटले तरी उमलत नाही, काळा पडत जातो. मग एके सकाळी त्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते आणि आतून फुलपाखराऐवजी चिलटाएवढ्या, चकाकत्या माश्या एकामागून एक बाहेर येतात.