आरशातून की खिडकीतून? माळ्यावरच्या जुन्या कॅमेऱ्याची ओळख

गणपतीला चाकरमानी गावी आले की घराची झाडलोट होते आणि माळ्यावरून हमखास एखादा जुना कॅमेरा खाली उतरतो. कुणाच्या काकांनी कुवेतहून आणलेला, कुणाच्या वडिलांनी पहिल्या बोनसमधून घेतलेला. मग घरातलं एखादं कॉलेजात जाणारं पोर तो घेऊन माझ्याकडे येतं. "काका, हा एसएलआर आहे ना?" बरेचदा तो रेंजफाइंडर निघतो. एसएलआर म्हणजे आरशाने लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा, रेंजफाइंडर म्हणजे शेजारच्या खिडकीतून दाखवणारा. गोंधळ होणं साहजिक आहे: दोन्हींत तोच 35 मिलिमीटरचा रोल, तेच 36 फोटो, रोल पुढे सरकवायची तशीच लिव्हर.

ओळखायला एक हात पुरतो. मागच्या काचेला डोळा लावा आणि तळहाताने लेन्स झाका. अंधार झाला तर एसएलआर. अंगणातला माड जसाच्या तसा दिसत राहिला तर रेंजफाइंडर, नाहीतर अगदी साधा, अंतर अंदाजाने लावायचा कॅमेरा.

एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेलं चित्र तो वरच्या काचेवर टाकतो आणि डोक्यावरच्या टेंगळातला प्रिझम ते सुलट करून डोळ्यापर्यंत पोचवतो. रेंजफाइंडरचं डोकं सपाट असतं. त्यात तुम्ही लेन्सच्या शेजारच्या खिडकीतून बघता. तिच्या बाजूला आणखी एक छोटी खिडकी असते आणि दोन खिडक्यांतल्या दृश्यांच्या फरकावरून अंतर जुळवलं जातं.

खरी गंमत फोकस जुळवताना आहे. कोकणातल्या हर्णै बंदरावर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला जा. समोर उभ्या होडीची डोलकाठी रेंजफाइंडरमध्ये धरली की मधल्या पिवळसर चौकोनात एकीच्या दोन डोलकाठ्या दिसतात. लेन्सवरची रिंग हळूहळू फिरवा. भुतासारखी फिकट डोलकाठी सरकत सरकत खरीवर येऊन बसते. बऱ्याच एसएलआरमध्ये मधलं वर्तुळ आडवं दुभंगलेलं असतं. तिथे तीच डोलकाठी मधोमध मोडल्यासारखी दिसते आणि फोकस आला की सांधली जाते. समुद्राच्या क्षितिजावर मात्र यातलं काहीच जमत नाही, कारण दोन्हींना उभी रेघ लागते. समोर नुसतं पाणी असेल तर रिंग सरळ अनंतावर ठेवावी.

बटण दाबल्यावर एसएलआरचा आरसा वर उडतो आणि नेमक्या त्या क्षणी तुम्हाला काहीच दिसत नाही. रेंजफाइंडरमध्ये दृश्य तुटत नाही. याशिका इलेक्ट्रो 35 घ्या, 1966 साली आलेला. त्याच्या खिडकीत फोटोची चौकट उजळ रेघांनी आखलेली असते आणि तिच्या बाहेरचंही थोडं दिसतं. पाण्यातून मासळी घेऊन येणारी बैलगाडी चौकटीत शिरण्याआधीच दिसते. बैलाचं शिंग रेघेला टेकलं की बटण दाबायचं. शटरचा आवाज इतका बारीक की लिलावातलं कुणी मान वळवून बघत नाही. माणसांचे फोटो काढायला मला याहून मोठं सुख ठाऊक नाही.

पण हीच खिडकी फसवतेही. लेन्सची टोपी तशीच राहिली तरी समोर सगळं स्वच्छ दिसत असतं. एका विसर्जनाला माझे 11 फोटो असे गेले. रोल धुऊन आला तेव्हा निगेटिव्हवर ती 11 घरं काचेसारखी कोरी होती, आणि आरतीचं तबक घेतलेली आजी त्यांतच होती. ते मला आजही लागतं. एसएलआरमध्ये ही चूक होऊच शकत नाही.

जवळचं टिपायचं असेल, अळवाच्या पानावरचा थेंब किंवा वाळूतली कुर्ली, तर एसएलआरच घ्या. 50 मिलिमीटरच्या साध्या लेन्सने साधारण 45 सेंटीमीटरपर्यंत जाता येतं. इलेक्ट्रो 80 सेंटीमीटरच्या अलीकडे येत नाही. लांबच्या पक्ष्यांसाठीही एसएलआर बरा, लेन्स बदलता येते. शिवाय पेंटॅक्स के1000सारखा यांत्रिक एसएलआर सेल नसतानाही शटरच्या सगळ्या वेगांवर चालतो, सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजायला. इलेक्ट्रोचा सेल संपला की शटर 1/500 सेकंद या एकाच वेगावर अडकतं. त्याचा मूळ 5.6 व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही; अडॅप्टर लावून 6 व्होल्टचा बसवतात. इलेक्ट्रोची लिव्हर ओढताना 'टक्' असा आवाज यायला हवा. नाही आला तर आतला रबराचा तुकडा झिजलाय. एसएलआरमध्ये आरशाजवळचा स्पंज बोटाला चिकटतो का बघा.

लेन्स मात्र दोन्हींची तपासायची. मागचं झाकण उघडा, शटर बी या खुणेवर ठेवून बटण दाबून धरा, म्हणजे ते उघडं राहील, आणि मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फार लवकर धरते आणि चामड्याच्या केसमध्ये तर ओल कोंडून राहते. म्हणून जूनच्या आधी केस काढून बाजूला ठेवायची आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा.