खेळण्यातलं शिसं: ब्रिस्बेनच्या कठड्यापासून आयएसआय शिक्क्यापर्यंत

रांगतं मूल हाती लागेल ते आधी तोंडात घालतं. दात येत असतील तर खुळखुळ्याचा रंगही कुरतडून काढतं. खेळणी तपासण्याची एक महत्त्वाची चाचणी याच सवयीवर बेतलेली आहे. खरवडलेला रंग ३७ अंश सेल्सिअसच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास ठेवतात, म्हणजे जणू बाळाच्या पोटातच. मग शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक अशी आठ मूलद्रव्यं त्यातून किती विरघळली ते मोजतात. शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम.

रंग असा पोटात जातो, हे कळलं ते ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये. १८९०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांना लहान मुलांत शिशाची विषबाधा आढळू लागली, पण शिसं येतंय कुठून ते उमगेना. १९०४ मध्ये लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञांनी घरांच्या रंगवलेल्या कठड्यांकडे आणि भिंतींकडे बोट दाखवलं. कडक उन्हात रंगाची पूड सुटायची, ती मुलांच्या बोटांना लागायची आणि बोटं तोंडात जायची. मुलांच्या हाताशी येणाऱ्या जागी शिशाचा रंग लावायला ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडने बंदी घातली १९२२ मध्ये. अमेरिकेत घरांचे रंग आणि खेळणी यांतल्या शिशावर बंधन यायला १९७८ उजाडलं. कारण माहीत असूनही मुलांना इतकी वर्षं थांबावं लागलं, याचा मला आजही राग येतो.

शिसं वापरतात ते स्वस्त आणि कामाचं म्हणून. लेड क्रोमेट या शिशाच्या संयुगामुळे पिवळा, नारिंगी रंग झळकतो नि टिकतो. पीव्हीसी हे प्लास्टिक तापवताना बिघडू नये म्हणूनही शिशाचे क्षार घालतात. तेच पीव्हीसी मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं लागतात. ती प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात, चोखताना लाळेत उतरतात. युरोपने १९९९ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या चोखायच्या खेळण्यांत त्यांतली काही बंद केली. शिसं मात्र शरीराला कॅल्शियमसारखं भासतं आणि हाडांत साठतं. लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं, आणि किती प्रमाण निर्धोक, याची खालची रेषा आजवर सापडलेली नाही.

२००६ मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलाने ब्रेसलेटचं पदक गिळलं. ते जवळपास निव्वळ शिशाचं होतं. मूल दगावलं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये रंगातल्या शिशामुळे मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने आपल्या फिशर-प्राइस ब्रँडची सुमारे १५ लाख खेळणी परत मागवली. २००८ मध्ये तिथे कडक कायदा आला.

आपल्याकडे जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांवर बंदी आली, पण मार्चमध्येच प्रमाणपत्राच्या अटीवर ती सैल झाली. आयएस ९८७३ हे खेळण्यांच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक होतं, पण देशात बनणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचं नव्हतं. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातून १२१ नमुने घेतले, त्यांतले ६६.९ टक्के नापास झाले. त्यानंतर २०२० चा गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का बंधनकारक आहे, देशी असो वा परदेशी.

हस्तकला विभागाकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या खेळण्यांना यातून सूट आहे. सावंतवाडीच्या चितारआळीसारख्या ठिकाणी हाताने काम करणाऱ्याला चाचणीचा खर्च झेपणार नाही, हे खरंच. पण जुनं ते निर्विष असं धरून चालता येत नाही. आपल्या परंपरेतल्या रंगांत शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड. त्यामुळे सूट शिक्क्यापुरतीच ठेवावी आणि रंगाची तपासणी सरकारने कारागिराच्या दारी फुकट करून द्यावी, असं मला वाटतं. जत्रेत घेतलेली लाकडी बाहुलीही बाळ चघळतंच.