स्तनांचा एमआरआय : सतरा मिनिटांवरून तीन मिनिटांवर

ज्या स्त्रियांचे स्तन घन असतात, म्हणजे ज्यांत चरबीपेक्षा ग्रंथींची ऊती अधिक असते, त्यांच्या मॅमोग्राफीत (स्तनांच्या एक्स-रे तपासणीत) ही ऊतीही पांढरी दिसते आणि कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. एमआरआयला ही अडचण फारशी येत नाही, कारण त्यात गाठीचा रक्तपुरवठा उघडा पडतो. वाढत्या गाठीत नव्याने तयार झालेल्या रक्तवाहिन्या झिरपत्या असतात. त्यामुळे हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम या धातूचे कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत उजळ दिसणारे द्रव्य) दिल्यावर दीड-दोन मिनिटांत ते गाठीत साचते आणि निरोगी ऊती अजून फिकी असतानाच गाठ उजळून निघते. नंतरच्या प्रतिमेतून इंजेक्शनपूर्वीची प्रतिमा वजा केली की चरबी पुसली जाते आणि उजळलेला भाग तेवढा उरतो.

हीच सुरुवातीची मिनिटे निर्णायक असतील, तर पालथे झोपून, स्तन कॉइलच्या (संकेत टिपणाऱ्या साधनाच्या) पोकळ्यांत सोडून, रुग्णाने पुढचा बराच वेळ निश्चल का राहावे? जर्मनीतील आखेनच्या रेडिओलॉजिस्ट ख्रिस्तियाने कूल यांनी २०१४ मध्ये ४४३ स्त्रियांच्या ६०६ तपासण्यांतून याचे उत्तर दिले. कॉन्ट्रास्टपूर्वीची एक आणि नंतरची एक, एवढ्याच प्रतिमा घेतल्यावर सतरा मिनिटांची तपासणी तीन मिनिटांत झाली आणि संपूर्ण तपासणीत सापडलेले अकराही कर्करोग तीत सापडले. आकडा लहान आहे; पण अधिक शक्तिशाली चुंबकाची वाट न पाहता, काय गाळता येईल हे तपासण्याचा विचार मला फार मोलाचा वाटतो. पुढे २०२० मध्ये घन स्तनांच्या १,४४४ स्त्रियांच्या अभ्यासात या संक्षिप्त एमआरआयने हजारी ११.८ आक्रमक (आजूबाजूच्या ऊतीत शिरलेले) कर्करोग शोधले, तर त्रिमितीय मॅमोग्राफीने ४.८.

मात्र उजळणारी प्रत्येक जागा कर्करोग नसते. नेदरलँड्समधील २०१९ च्या मोठ्या चाचणीत, पहिल्या फेरीत एमआरआय झालेल्या दर हजार स्त्रियांपैकी सुमारे ८० जणींना कर्करोग नसतानाही पुढच्या तपासण्यांना सामोरे जावे लागले, आणि त्या दिवसांतली धास्ती कोणत्याही आकड्यात येत नाही. इथे एमआरआयचेच डिफ्यूजन तंत्र कामी येते. दाटीवाटीने वाढलेल्या पेशींमध्ये पाण्याच्या रेणूंची हालचाल अडखळते, आणि ती कॉन्ट्रास्टशिवाय मोजता येते. अमेरिकेतील एका बहुकेंद्री अभ्यासात, या मोजमापाची जोड दिली असती तर एकही कर्करोग न सुटता सुमारे २१ टक्के बायॉप्सी टळल्या असत्या, असे दिसले. मात्र या प्रतिमा हवा आणि त्वचेच्या सीमेजवळ वेड्यावाकड्या होतात, लहान गाठी त्यांत निसटतात. म्हणून आज तरी हे तंत्र कॉन्ट्रास्टच्या जोडीनेच वापरणे योग्य ठरते.